वाम गळाला शिवा, अहीर नदीतच राहू द्या

संपादक महोदय,

पाऊस ओसरला की बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी भागातून रॉड-रील घेऊन निघालेल्या गाड्या चोर्ला, अनमोड आणि आंबोलीचे घाट उतरू लागतात. कारवार-माजाळीची पुळण, काळी नदीचे मुख, तेरेखोलची खाडी, वेंगुर्ल्याचे खडक अशा जागी किनाऱ्यावरून गरवणारी आपल्याकडची मंडळी वाढली आहेत. याचा आनंदच आहे. मात्र त्यांच्यापैकी काहीजणांनी उचललेल्या एका पद्धतीविषयी हंगाम ऐन भरात येण्याआधी लिहिणे जरूर वाटते. ही पद्धत म्हणजे जिताडा किंवा तांबोशी या माशांसाठी जिवंत अहीर, म्हणजे नदीतली ईल हा सापासारखा लांबट मासा, आमिष म्हणून लावणे. नदी-ओढ्यात धरलेला अहीर ओल्या गोणपाटात गुंडाळून घाटाखाली न्यायचा, जबड्यात गळ अडकवायचा आणि लाटेत फेकायचा. आमचे म्हणणे थोडक्यात असे की याची गरज नाही. बाजारात मेलेली मिळणारी समुद्राची वाम (हीही ईलच) नीट खारवून दोन गळांवर शिवली, तर फुटत्या लाटेत ती जिवंत अहिरापेक्षा जास्त कामाची ठरते. नीट शिवणे यातच सगळे आहे, म्हणून पत्राचा मोठा भाग त्यावर खर्च केला आहे. आपण जागा द्यावी ही विनंती.

ईल आमिष म्हणून लावण्याची ही रीत अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरची. तिथे पट्टेरी बास हा मासा रात्री किनाऱ्यालगत येतो आणि त्याला वामीसारखे लांबट भक्ष्य फार आवडते. २०११ साली ग्रेग मायरसन यांनी लाँग आयलंड साउंडमध्ये होडीतून जिवंत ईल लावून ८१.८८ पौंडांचा, म्हणजे सुमारे ३७ किलोंचा बास धरला. अशा विक्रमांमुळे जिवंत ईलची ख्याती आणखी पसरली. पण त्याच किनाऱ्यावर मेलेली ईल दोन गळांवर शिवून वापरण्याची परंपरा जुनी आहे, आणि ती होडीपेक्षा पुळणीवरून गरवणाऱ्यांनी जास्त जपली. शिवलेली ईल लांब फेकता येते, तंगुसाला म्हणजे नायलॉनच्या दोरीला वेटोळे घालून गाठोडे करत नाही, खडकाच्या फटीत शिरत नाही आणि खारवून ठेवली की पुन्हा पुन्हा वापरता येते. या पद्धतीच्या व्हिडिओत शिवण्याचा भाग फारसा दिसत नाही, कारण तो रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतो.

आता अहिराविषयी. आपल्या नद्यांतला अहीर समुद्रात जन्मतो, काचेसारख्या पारदर्शक पिल्लाच्या रूपात नदीमुखाशी येतो, वर चढतो, गोड्या पाण्यात कित्येक वर्षे वाढतो आणि पूर्ण वाढ झाल्यावर पुराच्या पाण्याबरोबर पुन्हा समुद्राकडे निघतो. अंडी घालतो ती आयुष्यात एकदाच, तीही समुद्रात, आणि मग मरतो. म्हणजे नदीत आपल्याला सापडतो तो प्रत्येक अहीर अजून एकदाही न व्यालेला असतो. खानापूर तालुक्याचा भूगोल पाहिला तर यातली अडचण आणखी स्पष्ट होते. म्हादई पश्चिमेला वाहते, तिच्यातल्या अहिराला अरबी समुद्र जवळ आहे. पण त्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. तिच्यातून निघालेल्या अहिराला नवीलतीर्थ, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा एवढे अडथळे पार करून बंगालच्या उपसागरात पोचावे लागते, आणि पिल्लाला तीच वाट उलट चढावी लागते. एवढ्या धरणांच्या वर एखादा अहीर अजून दिसत असेल, तर त्याला गळाला लावून संपवणे आम्हाला मुळीच पटत नाही. भीमगड परिसरात तर अभयारण्य आहे, तिथून काहीही धरणे हा कायद्यानेच गुन्हा आहे.

दुसरा धोका कमी बोलला जातो. किनाऱ्यावर नेलेले अहीर उरले की परतीच्या वाटेवर दिसेल त्या ओढ्यात सोडून दिले जातात. जीव वाचवला असे सोडणाऱ्याला वाटते. पण १९८० च्या दशकात युरोपात अशाच जिवंत ईलच्या वाहतुकीतून पूर्व आशियातील एक सूत्रकृमी शिरला. तो ईलच्या वाताशयात राहून रक्त शोषतो आणि समुद्राचा लांबचा प्रवास करण्याची तिची ताकद कमी करतो. पुढे तो अमेरिकेतही पोचला. एका खोऱ्यातला अहीर दुसऱ्या खोऱ्यात सोडणे म्हणजे अशा रोगांना घाट ओलांडून देणे होय. ज्या अमेरिकेकडे पाहून आपण हे शिकलो, तिथेही आता शौकिया गरवणाऱ्याला ९ इंचांपेक्षा लहान ईल बाळगता येत नाही आणि संख्येवरही मर्यादा आहे. त्यांची ईल जागतिक लाल यादीत धोक्यातली म्हणून नोंदली गेली आहे.

तेव्हा घ्यायची ती समुद्राची वाम. ट्रॉलरच्या जाळ्यात मोठ्या वामींबरोबर ३० ते ४० सेंटिमीटरच्या लहान वामीही येतात. त्यांना खाण्यासाठी मागणी कमी असते, म्हणून बाजारात त्या स्वस्तात मिळतात. बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात सांगून ठेवले तर मिळू शकते, पण किनाऱ्यावरच्या बंदराजवळ पहाटे घेणे उत्तम. डोळा भरलेला, पोट घट्ट, कातडीवर बुळबुळीत थर शाबूत आणि वाकवली तर पुन्हा सरळ होणारी वाम घ्यावी. पोट मऊ पडलेली किंवा पिवळसर झालेली घेऊ नये, ती शिवताना गुदद्वाराजवळ फाटतेच. नदीतली काटेरी वामही काहीजण वापरतात. पाठीवर सुट्या काट्यांची रांग आणि टोकदार, हलणारे नाक यांवरून ती ओळखावी. ती अहिरासारखी समुद्रात जात नाही, पण तिचे काटे दोरा आणि बोटे दोन्ही कापतात आणि फेकल्यावर ती ताठ राहते. आमिष म्हणून ती फारशी उपयोगाची नाही.

घरी आणल्यावर वाम जाड्या मिठाने चोळून बुळबुळीत थर काढावा आणि कोरड्या फडक्याने पुसावी. हा थर राहिला तर पुढे एकही गाठ जागेवर बसत नाही. मग १ लिटर पाण्यात पाव किलो जाडे मीठ विरघळवून त्यात वामी सरळ आडव्या ठेवाव्यात आणि भांडे फ्रीजमध्ये १० ते १२ तास राहू द्यावे. बरणीत वेटोळे करून ठेवलेली वाम तशीच वळून आखडते आणि पाण्यात गोल फिरते, म्हणून लांबट डबाच घ्यावा. मीठ कातडीतले पाणी ओढून घेते, त्यामुळे ती चिवट होते. पण जास्त वेळ ठेवण्याचा मोह टाळावा. दोन-तीन दिवस दाट मिठात राहिलेली वाम काठीसारखी कडक होते, शेपूट हलत नाही, आणि शेपटीची हालचालच माशाला बोलावते. खारवण्याआधी गोठवलेली वाम मात्र पिठासारखी भुसभुशीत होते. गोठवायचीच असेल तर आधी खारवावी, मग गोठवावी.

हात घालण्याआधी दोन सूचना. समुद्रवामीचे पुढचे सुळे मेल्यावरही तितकेच धारदार असतात, ते पकडीने मोडून टाकावेत. नाहीतर तोंड बांधलेला दोरा तेच कापतात. आणि अहीर, वाम यांच्या कच्च्या रक्तात विषारी प्रथिन असते. शिजवल्यावर ते नष्ट होते, म्हणून खाण्याला धोका नाही. पण हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत आणि काम चालू असताना डोळे चोळू नयेत.

साहित्य फार लागत नाही. सायकलच्या चाकाचा एक जुना स्पोक ही उत्तम सुई होते. वळलेले टोक कानसून लहानसा आकडा करायचा आणि ते घासून गोलसर करायचे. अणकुचीदार करायचे नाही, कारण टोकदार सुई आतड्याची वाट सोडून मांसात घुसते. गोणपाट शिवायचे दाभण यासाठी लांबीला अपुरे पडते, पण ओठ शिवायला तेच बरे. ३५ सेंटिमीटरच्या वामीला पुढचा गळ ६/० आणि मागचा ५/० पुरतो, ३० सेंटिमीटरच्या वामीला दोन्ही एकेक नंबराने लहान. गळ कल्हई केलेले घ्यावेत, साधे काळे गळ मिठाच्या पाण्यात रात्रीत गंजतात. जोडदोऱ्यासाठी ५० पौंडी ब्रेड, म्हणजे तेवढी ओढ सोसणारी विणलेली दोरी, अर्धा मीटर, बांधायला चपला शिवण्याचा मेण लावलेला नायलॉन दोरा, आणि पुढे ८० पौंडी तंगूस पाऊण मीटर व त्याच्या टोकाला भिंगरी म्हणजे स्विव्हल.

आधी मागचा गळ. ब्रेड दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवावी आणि दांडीवर सहा-सात वेढे देऊन आवळावी. वामीचे गुदद्वार अनेकजण शेपटीजवळ शोधतात. ते तिथे नसते, तोंडापासून मोजले तर एकूण लांबीच्या पाचात दोन भागांवर, म्हणजे ३५ सेंटिमीटरच्या वामीत साधारण १४ सेंटिमीटरवर असते. स्पोकचे आकड्याचे टोक तोंडातून घशात घालावे आणि पोटाच्या बाजूने, कण्याच्या खालून सरकवत गुदद्वारातून बाहेर काढावे. डाव्या हाताचे बोट बाहेरून पोटावर ठेवले की टोक कुठे आहे ते कळते. अडले तर जोर करू नये, मागे घेऊन थोडे फिरवून पुन्हा सरकवावे. आकड्यात ब्रेडचा फास अडकवायचा आणि स्पोक तोंडाकडे ओढून घ्यायचा. गळाची दांडी गुदद्वारातून आत जाते, वाक बाहेर राहतो आणि टोक पोटाखाली डोक्याच्या दिशेला तोंड करून बसते. आतड्याचा तुकडा सुईबरोबर बाहेर आला तर कापून टाकावा. पोट चिरू नये. पोट चिरलेली वाम दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला उसवते.

मग पुढचा गळ. त्याचे टोक तोंडातून घालून खालच्या जबड्याच्या मागे, दोन-अडीच सेंटिमीटरवर, घशाच्या तळातून अगदी मध्यरेषेवर बाहेर काढावे. डोळा ओठांच्या टोकाशी आला पाहिजे. मध्यरेषेपासून थोडा जरी तिरका गेला तर वाम एका कुशीवर पोहते. आता मागच्या गळाची ब्रेड या डोळ्याला बांधायची, आणि इथेच बहुतेकांचे काम बिघडते. ब्रेड ताणून बांधली तर वाम धनुष्यासारखी वाकते आणि ओढताना गरगर फिरते. फार सैल ठेवली तर ओढ ब्रेडवर न येता गुदद्वाराच्या कातडीवर येते आणि मागचा गळ फाडून बाहेर निघतो. योग्य अंदाज असा: पुढच्या गळाच्या डोळ्याला धरून वाम हवेत लोंबकळू द्यावी, ती पूर्ण सरळ लटकली पाहिजे आणि ब्रेडमध्ये अर्ध्या सेंटिमीटरइतकीच ढील असावी. तेवढे जमेपर्यंत पक्की गाठ मारू नये.

बांधण्याआधी वाम शेपटीकडून डोक्याकडे हलक्या हाताने दाबत आणावी म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा राहिली तर पोट वर करून तरंगते. मग दाभणाने दोन्ही ओठांतून आणि गळाच्या डोळ्यातून मेणदोरा दोनदा ओवून तोंड घट्ट मिटावे. तोंड उघडे राहिले तर त्यात पाणी भरते, वाम फिरते आणि थोड्याच वेळात डोके तुटते. दुसरे बंधन कल्ल्यांच्या मागे, तिसरे गुदद्वाराच्या पुढे आणि चौथे मागे, मागच्या गळाच्या दांडीसकट. प्रत्येक ठिकाणी पाच-सहा वेढे शेजारी-शेजारी द्यावेत, एकावर एक नकोत. एकाच रेघेवर आवळलेला दोरा कातडी कापतो. समुद्र उसळता असेल तर पुढच्या गळाच्या दांडीवर, घशाखाली, १० ते १५ ग्रॅम शिशाची तार गुंडाळावी. वजन खाली राहिल्याने वाम पोटावर पोहते आणि लाटेखाली टिकते.

तयार झालेली वाम फेकण्याआधी गुडघाभर पाण्यात दोन-तीन मीटर ओढून पाहावी. पोट खाली, पाठ वर आणि गुदद्वारामागचा लांब भाग डावी-उजवीकडे सळसळत यायला हवा. वाम वळून आखडलेली नसेल आणि तरी गरगरली, तर कारण वर सांगितलेल्या तिघांपैकीच एक असते: उघडे तोंड, ताणलेली ब्रेड किंवा तिरका पुढचा गळ. स्विव्हल आहे म्हणून फिरलेली चालेल असे समजू नये, त्याने फक्त मुख्य दोरी वाचते. फिरणारी वाम मासा घेत नाही.

घाट उतरताना बर्फ लागतोच, पण वामी थेट बर्फाच्या पाण्यात ठेवू नयेत. गोडे पाणी मीठ काढून टाकते आणि खारवण्याची सगळी मेहनत वाया जाते. झाकणाचा डबा बर्फात, आणि डब्यात वामी जाड्या मिठात. भर उन्हात उघड्यावर ठेवलेली वाम तास-दोन तासांत ढिली पडते.

फेकताना झटका द्यायचा नाही. रॉडच्या टोकापासून पाऊण मीटर वाम लोंबू द्यावी आणि ३ ते ३.६ मीटरच्या रॉडने संथ, रुंद घेरात सोडावी. कोळंबी-शिशासारखा जोरदार फटका दिला तर वाम डोक्याशी फाटते. ३० ते ५० मीटर पुष्कळ झाले, कारण जिताडा नदीमुखाजवळ लाट फुटण्याच्या अलीकडच्या चरात, कधी कधी अगदी पायाशी फिरतो. लांब फेकण्याच्या हौसेपायी आपण त्याच्या डोक्यावरून आमिष पलीकडे टाकतो. हँडलचा एक फेरा साधारण दीड सेकंदात, मधूनच टोकाला हलकी थरथर, बस. भरती संपत आलेली असताना आणि ओहोटी लागल्यावरचा पहिला तास, तोही अंधार पडल्यावर किंवा उजाडण्याआधी, आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो. जिताडा तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो, म्हणून हाताला ठोक्यासारखे जाणवते. त्या क्षणी रॉड खाली करावा, ढील गोळा करावी आणि मगच ओढावे. मागचा भाग सफाईने कापला गेला तर समजावे की दातांचा मासा, बहुधा सुरमई, फिरत आहे. अशा वेळी तंगुसाच्या टोकाला २० सेंटिमीटर तार लावावी. तळाशी ठेवून बसायचे असेल तर दोन गळांची वाम वापरूच नये, मासा ती खोल गिळतो. तिथे ओठांतून एकच सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ, आणि तो लागतो तो झटका न देता. अमेरिकेत पट्टेरी बाससाठी असे आमिष लावताना २०२१ पासून सर्कल हुक सक्तीचा आहे. मोठा जिताडा ही बहुतेक वेळा मादी असते, हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. ती सोडायची असेल तर जबड्याच्या कोपऱ्यात लागलेला गळच तिला वाचवतो.

दिवस संपल्यावर वाम गळासकट पुन्हा तशाच मिठाच्या पाण्यात जाते. बंधने पाहावीत, सुटलेला दोरा बदलावा, गळाची टोके घासावीत. नीट जपलेली एक वाम अनेक वेळा चालते. फाटलीच तर गळ, ब्रेड, मेणदोरा काढून घ्यावा आणि फक्त मांस समुद्रात टाकावे. पुळणीवर सोडलेला दोऱ्याचा तुकडा आणि गळ रापणीची दोरी ओढणाऱ्यांच्या तळव्यात शिरतो, पक्ष्यांच्या पायात अडकतो.

या पद्धतीवर आणखी कोणाचे ज्ञान असेल, विशेषतः कारवार-अंकोल्याकडच्या मंडळींचे, तर त्यांनी आपल्याच स्तंभातून लिहावे. दोरा आणि गळांचे नंबर ठिकाणानुसार बदलतात, आणि ते वाचायला आम्ही उत्सुक आहोत.

आपले,
किनाऱ्यावरून गरवणारी मित्रमंडळी
बेळगाव – खानापूर – निपाणी